दोन सिनेमांतला ड्रायव्हर

बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला तसं कोणी आलं तर त्याला काय म्हणायचं, याला शब्दच नाही. चष्मेवाल्यांची ही अडचण लग्नाच्या दिवसापासूनची होती. त्यांच्या बायकोचा पहिला नवरा वारलेला होता, आणि नुसता वारलेला नव्हता, त्याच्यावर सिनेमा निघालेला होता. वारलेल्या माणसाशी एक वेळ जमवून घेता येतं. तो कधी आठवतो, कधी विसरतो. पण हा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी टीव्हीवर यायचा. काळा गॉगल लावून, एका हाताने बस चालवत, वर गाणं म्हणत.

घडलेली गोष्ट गावातल्या पोराटोरांना पाठ होती. तुरुंगातून पळालेला एक कैदी पिस्तूल घेऊन डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला आणि त्याने ड्रायव्हरच्या मानेला ते टेकवलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत बस डोंगरातल्या रस्त्यांवर फिरत राहिली. उतारू वाटेत ठिकठिकाणी उतरले, सगळे सुखरूप. शेवटी पोलिसांची गाडी आडवी आली, गोळ्या सुटल्या, आणि बसमध्ये दोघे मेलेले सापडले. एक कैदी, एक ड्रायव्हर. ड्रायव्हरला कैद्याची गोळी लागली होती.

जुना सिनेमा त्यानंतर तीनेक वर्षांनी आला. चष्मेवाल्यांनी तो थेटरात पाहिला तेव्हा ते कुणाचेच कोणी नव्हते. चार लोकांसारखे तिकीट काढून बसले, बसच्या टपावरच्या मारामारीला त्यांनीही शिट्टी मारली, आणि ड्रायव्हरने बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला तेव्हा त्यांनीही डोळे पुसले. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर शिट्टी तरी मारली नसती.

कारण त्याच वर्षी एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीने चष्म्याची काडी मोडली होती. बाई म्हणाली, "काडी नवी बसवा, पण जरा घट्ट. ही खाली वाकली की चष्मा आधी जमिनीवर जातो आणि ही मागून."

आवाज ओळखीचा वाटला. कुठे ऐकलाय ते चष्मेवाल्यांना दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर कळलं. फलाट क्रमांक चारवर कुठली गाडी लागली आहे हे लाउडस्पीकरवरून सांगणारा तो आवाज होता. चौकशीच्या खिडकीत ती बसायची. ही नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळालेली होती, आणि नवरा म्हणजे तोच, हे स्टँडवरच्या पानवाल्याने सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. सिनेमातली बायको पिवळी छत्री घेऊन बसमागे धावत होती. इथे ही खरी, नाक लाल, सर्दी झालेली, आणि काडी ढिली बसवली म्हणून दुसऱ्यांदा भांडायला आलेली.

मुलगी चष्मे मोडत राहिली. चष्मेवाले जोडत राहिले. वर्षभरात लग्न झालं.

मुलीला सगळे चिमणी म्हणत. वडील गेले तेव्हा ती रांगत होती, त्यामुळे तिच्या लेखी वडील म्हणजे सिनेमातला नट. त्याचा फोटो कुठल्याशा मासिकातून कापून तिने कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. त्या नटाचं लग्न झाल्याची बातमी आली तेव्हा चिमणी जेवेना. आईला न विचारता त्यांनी लग्न केलंच कसं, हा तिचा प्रश्न होता. चष्मेवाल्यांनी तिला दुकानाच्या काउंटरवर बसवलं आणि समजावलं की हे काका नुसतं नाटक करतात, तुझे बाबा वेगळे दिसायचे. पुरावा म्हणून लायसनवरचा फोटो दाखवला. लायसनवर राजासुद्धा चोरासारखा दिसतो. चिमणीने तो फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "त्यापेक्षा हेच बरे आहेत." झाकणावरचा नट तिथेच राहिला.

ते खरोखर कसे होते, हे चष्मेवाल्यांनी बायकोला कधी विचारलं नाही. खपली धरलेली जखम कशाला उकरा, असं त्यांना वाटायचं. शिवाय, खरं सांगायचं तर, भीतीही वाटायची. उत्तर सिनेमासारखंच आलं तर? बायकोही आपण होऊन बोलली नाही. बोलायची वेळ आलीच तर "चिमणीचे वडील" एवढंच म्हणायची, तेही दाखल्यावर लिहिल्यासारखं. संसार सुखाचा झाला. ती त्यांच्या घोरण्याला नावं ठेवायची, ते तिच्या वाकड्या भांगाला. पण टीव्हीवर तो सिनेमा लागला की चष्मेवाले उठून पाणी प्यायला जायचे, आणि गाणं संपेपर्यंत त्यांची तहान काही भागायची नाही.

अशी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं गेली आणि नवा सिनेमा आला.

हा थेटरात आलाच नाही, घरोघरी मोबाइलवर आला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'इतकी वर्षं लपवलेलं सत्य'. चष्मेवाल्यांनी ते वाचलं आणि मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, त्यांना थोडं बरं वाटलं. गॉगलवाला इतकी वर्षं डोक्यावर बसला होता. आता कुणी त्याला खाली उतरवत असेल तर उतरवू दे.

रविवारी दुपारी चिमणी आली. ती आता मोठी बाई होती, तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, आणि तिथूनच केस ओले घेऊन आली होती. डोळे लाल होते, आणि ते पाण्यामुळे नव्हते हे चष्मेवाल्यांना लगेच कळलं. उभा जन्म लोकांचे डोळे बघण्यात गेला होता.

"बाबा, नवा बघितलात?"

"नाही अजून."

"बघा. माझ्यासोबत बघा. आधी जुना लावू, मग नवा. मला सांगा, काय खरं आहे."

बायको मटार घेऊन उठली. "मी गॅलरीत आहे," म्हणाली. तिने जुनाही कधी समोर बसून पाहिला नव्हता.

जुना त्यांनी पळवत पळवत पाहिला. आता त्यात हसण्यासारखंच जास्त होतं. ड्रायव्हर वळणावर बस अशी फेकत होता की उतारू सोडा, बसही तक्रार करेल. चिमणी म्हणाली, "एक लक्षात आलंय तुमच्या? ह्याच्यात मी नाहीच. नायिकेला मूल दाखवलं तर ती म्हातारी वाटेल, म्हणून मला काढून टाकलं. आणि मी वेडी फोटो घेऊन शाळेत मिरवत होते."

मग नवा लावला. हा सगळा अंधारातच घडत होता. ड्रायव्हर सावळा, पोट सुटलेला, दाढी वाढलेला. कैदी बसमध्ये चढल्यावर तो घाबरत नाही, आरशातून त्याच्याकडे बघून मान हलवतो. दोघांची जुनी ओळख असते. उतारूंना मधेमधे उतरवायचं हाही दोघांचाच बेत. पुढे पोलीस जवळ येतात, कैदी उलटतो, आणि ड्रायव्हर रस्त्यावर गुडघे टेकून हात जोडतो. नाकातोंडातून पाणी गळत, "मला सोड, दादा, मला सोड," करत राहतो. गोळी सुटते.

चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकून बसले होते. आपल्याला बरं वाटायला हवं होतं, हे त्यांना आठवलंसुद्धा नाही.

सिनेमाच्या शेवटी ड्रायव्हरची बायको दुसरं लग्न करून सुखात आहे, असं दाखवलं होतं. तिच्यामागे एक टक्कल पडलेला माणूस पाठमोरा बसून पेपर वाचत होता आणि चहाचे भुरके मारत होता. त्याला एकही वाक्य नव्हतं.

"हे तुम्ही," चिमणी म्हणाली.

"मी?" चष्मेवाल्यांनी डोक्यावरून हात फिरवला. केस होते. "मी पेपर असा धरत नाही."

चिमणी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "बाबा, तलावावर एका मुलाची आई मला म्हणाली, आम्हाला काय माहीत होतं हो. जशी काही मीच इतकी वर्षं फसवत होते सगळ्यांना. तुम्हीच सांगा. जुन्यातले खरे की नव्यातले?"

"नव्यातला नाही," चष्मेवाले ताडकन म्हणाले. "हा असा नव्हता. शक्यच नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

चष्मेवाल्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या लेकीला त्यांनी सायकल शिकवली, तापात उशाशी बसले, ज्याच्या बायकोशेजारी त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, त्याच्याबद्दल त्यांना सिनेमा बघणाऱ्या कुणाही माणसापेक्षा दोन गोष्टी जास्त सांगता आल्या नसत्या. आणि तरी त्याला कुणी नाव ठेवलं तर घरच्या माणसाला ठेवल्यासारखं झोंबत होतं. हे कधी झालं, ते त्यांना कळलं नव्हतं.

ते उठले आणि गॅलरीत गेले. बायको मटार सोलत होती. शेंगा संपल्या होत्या आणि ती रिकामी टरफलंच पुन्हा उघडून बघत होती.

"अगं," ते म्हणाले आणि तिच्यासमोर खाली बसले. "ते कसे होते?"

तिने वर पाहिलं. "कोण?"

"चिमणीचे वडील. मी कधी विचारलं नाही. आज विचारतोय."

तिने टरफलं पिशवीत भरली, मांडी झटकली, आणि आत आली. "ते हात जोडलेलं लाव," तिने चिमणीला सांगितलं. आतलं सगळं तिच्या कानावर पडलेलं होतं. चिमणीने लावलं. बायकोने उभ्यानेच ते पाहिलं, अगदी गोळी सुटेपर्यंत. मग चिमणीच्या शेजारी बसली.

"हात जोडले हे खरं आहे," ती म्हणाली.

चिमणी उठायला लागली.

"ऐकून तर घे. कंडक्टरने मला सांगितलंय. शेवटपर्यंत बसमध्ये तोच होता. बस निघाल्यावर थोड्याच वेळात एक म्हातारी रडायला लागली. तर ह्याने गाडी उभी केली, मानेला पिस्तूल असताना, आणि मागे वळून हात जोडले. म्हणाला, अहो दादा, आजीला उतरू द्या, तिचा काय उपयोग तुम्हाला. तो शिव्या देत राहिला आणि हा हात जोडत राहिला. शेवटी कंटाळून त्याने म्हातारीला उतरवलं. पुढच्या वळणावर लेकुरवाळी बाई. पुन्हा गाडी उभी, पुन्हा दादा, पुन्हा हात. मग शाळेची पोरं. मग एक दम्याचा माणूस. अशी अख्खी बस त्याने मागून मागून रिकामी केली. सगळ्यात शेवटी कंडक्टरसाठी मागितलं. कंडक्टर उतरत नव्हता, तर त्यालाही हात जोडले की बाबा, उतर आता."

"आणि मग?" चिमणीने विचारलं.

"मग बस वळणाआड गेली. पुढचं कुणी पाहिलं नाही. स्वतःसाठी त्याने काही मागितलं का, मला माहीत नाही. ह्या सिनेमावाल्यांनाही माहीत नाही."

"आणि ती ओळख?"

"पोलिसांच्या चौकशीत कुणीतरी सांगितलं, ड्रायव्हर त्याला दादा म्हणत होता. झालं. दादा म्हणत होता म्हणजे ओळख असणार." ती पहिल्यांदाच हसली. "अगं, तो रस्त्यातल्या म्हशीलासुद्धा अहो ताई, जरा सरका म्हणायचा. मागायची त्याला लाज म्हणून नव्हती. शेजाऱ्यांची शिडी माग, तुझ्या बारशाला खुर्च्या माग. मला मागणी घालायला आला तर माझ्या भावाने दार लावून घेतलं. हा दारातच बसला. भाऊ कामावर जायला निघाला की हात जोडायचा, परत आला की हात जोडायचा. शेवटी भाऊच म्हणाला, देऊन टाका रे हिला, माझी वाट तरी मोकळी होईल."

चष्मेवाले ऐकत होते. 'तो.' इतक्या वर्षांत तिने त्याला 'तो' म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आत कुठेतरी टोचेल. टोचलं नाही. उलट दारात ठाण मांडून बसलेला तो माणूस त्यांना एकदम आवडला.

"गॉगल?" त्यांनी विचारलं.

"कसला गॉगल. त्याला लांबचं नीट दिसायचं नाही. चष्मा होता, लायसनच्या फोटोपुरता काढला होता. जाड भिंगाचा."

चष्मेवाले खुर्चीतून अर्धे उठले. "नंबर किती होता?"

"मला काय ठाऊक? चिमणीचा त्याच्यावरूनच आलाय."

चिमणीने स्वतःच्या चष्म्याला हात लावला आणि तो तसाच तिथे राहू दिला. जरा वेळाने म्हणाली, "आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"जुन्या सिनेमावाल्यांना सांगितलं होतं. घरी आले होते ते. त्यांचा साहेब म्हणाला, बाई, हात जोडणारा हिरो लोकांना चालत नाही. तुझ्या आजीला मुलगा पडद्यावर बघायचा होता, म्हणून मी सही केली. मग बसमधून उतरलेलेसुद्धा सिनेमातलंच सांगायला लागले, लोक रस्त्यात थांबवून माझ्या पाया पडायला लागले. तू फोटो घेऊन नाचत होतीस. म्हटलं, असू दे. आणि पुढे..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "ह्यांनी कधी विचारलं नाही. सिनेमा लागला की पाणी प्यायला उठायचे. मला वाटलं, ह्यांना त्याचं नाव नको असेल घरात."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"अहो, मला बोलायचं होतं," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. पण चष्मेवाल्यांना ते असं लागलं की त्यांनी तिच्या हातातली टरफलांची पिशवी काढून घेतली आणि तिचा हात धरून बसले. लेकीसमोर ते असं कधी करत नसत.

त्या दुपारी ते तिघं बोलतच राहिले. चहा दोनदा झाला. एका वर्तमानपत्राचा फोन आला, नव्या सिनेमाबद्दल घरच्यांना काय वाटतं म्हणून. चिमणीने घेतला. म्हणाली, "दोन्ही पाहिले. एकात तो भीक मागत नाही आणि दुसऱ्यात स्वतःसाठी मागतो. माझ्या वडिलांनी दुसऱ्यांसाठी मागितली. एवढंच छापा." त्यांनी छापलं की नाही ते कुणी पाहायला गेलं नाही.

पुढच्या रविवारी चिमणीने हट्ट धरला की कंडक्टरकाकांना भेटायचं. ते डोंगरापलीकडच्या गावात मुलाकडे राहत होते. गाडी करून लांबच्या सपाट रस्त्याने जाता आलं असतं. पण बायको म्हणाली, "बसने जाऊ. त्याच रस्त्याने." ती त्या रस्त्याने नंतर कधीच गेली नव्हती. रोज त्या गाडीची घोषणा करायची, पण गाडीत कधी बसली नव्हती.

जाताना ती खिडकीशी ताठ बसून होती. कंडक्टरकाकांनी चिमणीला पाहिलं आणि तिला आपल्याजवळ बसवून घेतलं. मग सगळं पुन्हा सांगितलं, कोण कुठे उतरलं, म्हातारी उतरताना पिशवी विसरली म्हणून ड्रायव्हरने पुन्हा हात जोडून ती तिला कशी द्यायला लावली. स्वतःच्या उतरण्यापाशी ते थांबले. "मी उतरायला नको होतं," म्हणाले. बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही उतरला नसता तर आज हे कोण सांगत होतं?" त्यांनी मान हलवली. पटलं होतं असं नाही, पण निघताना त्यांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं झालं होतं. ड्रायव्हर तरुण होता आणि गाडी सावकाश चालवत होता. चिमणी पुढच्या बाकावर बसून प्रत्येक वळण डोळे भरून बघत होती. बायको चष्मेवाल्यांना काहीबाही सांगत होती, तो कसा शिंकायचा, आंघोळीला किती वेळ लावायचा, भांडण झालं की रुसून कसा गाडीखाली जाऊन ऑइल बघत बसायचा. चष्मेवाले विचारत होते आणि ती सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज जड झाला, आणि डोंगराच्या उतारावर, कुठल्याशा वळणापाशी, तिची मान चष्मेवाल्यांच्या खांद्यावर कलंडली. ती गाढ झोपली होती.

चिमणीने मागे वळून पाहिलं आणि काही विचारायला तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण गाव येईपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.